पॅलेट टाउन सोडायचंय, पण कुठल्या गेममधून? येलो, फायररेड, लेट्स गो आणि हार्टगोल्ड

पोकेमॉन गेममध्ये प्रवास जिथून सुरू होतो ते गाव, पॅलेट टाउन, म्हणजे सगळ्या मिळून तीन इमारती. वर डावीकडे तुमचं घर, उजवीकडे शेजारच्या पोराचं घर, खाली प्रोफेसर ओकची लॅब, मध्ये फुलांचे ताटवे आणि दक्षिणेला पाणी. पोकेमॉन सेंटर नाही, दुकान नाही, जिम (लीडरला हरवून बॅज जिंकायची जागा) तर नाहीच नाही. कार्टून बघून गेमकडे येणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो, कारण शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आपण कार्टून नेटवर्कवर हिंदीत जे गाव बघायचो ते केवढं मोठं होतं, टेकडीवर ओकची लॅब, तिची पवनचक्की, त्या लांबच्या लांब पायऱ्या, मागे कुरण आणि कुरणात कार्टूनच्या हिरोचे, ॲशचे, तीस टॉरस, ॲशच्या घरी झाडलोट करणारा मिस्टर माइम. गेममध्ये यातलं जवळपास काही नाही, आणि तरी सांगतो, गावाशी जीव जडतो तो गेममध्येच.

ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, लहानपणी ॲश-पिकाचू बघितलं, गेम कधी हातात मिळाला नाही, आता स्वतःला खेळायचाय किंवा घरातल्या पोराला द्यायचाय, तर कुठला घेऊ. प्रत्येक वेळी फोनवर तासभर बोलून झालं म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. ग्राफिक्स, किती पोकेमॉन, कुठला किती पॉवरफुल, ही तुलना सगळीकडे मिळते. मी बघणार आहे एवढंच की घर सोडताना कसं वाटतं आणि फिरून परत आल्यावर कसं वाटतं, कारण हे गाव मुळात त्यासाठीच बनवलंय.

जपानीत गावाचं नाव मसारा टाउन. आपल्या मसाल्याशी काही संबंध नाही, मसारा म्हणजे नवंकोरं, आपण कोरी पाटी म्हणतो तसं. इंग्रजीत ते पॅलेट झालं, चित्रकाराची रंग कालवायची ताटली, आणि पुढची गावं बघा, प्यूटर, सेरुलियन, व्हर्मिलियन, लव्हेंडर, सॅफ्रन, सगळी रंगांची नावं. पोकेमॉन ज्यांच्या डोक्यातून निघालं ते सातोशी ताजिरी टोकियोच्या माचिदा भागात वाढले, लहानपणी किडे पकडत हिंडायचे, आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत तिथली तळी आणि शेतं जाऊन वस्ती उभी राहिली. आपल्या गावाबाहेरचं माळरान प्लॉटिंगमध्ये गेलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ॲशचं जपानी नाव सातोशीच आहे, ते ताजिरींवरूनच.

आता एक गोष्ट आधी सांगतो जी येलो, फायररेड आणि लेट्स गो तिन्हींत सारखी आहे आणि मला फार आवडते. गावातून वर रूट १ लागतो, तिथे गवत आणि मध्येमध्ये छोटे उंचवटे, पण या उंचवट्यांवरून फक्त खालच्या दिशेला उडी मारता येते. म्हणजे जाताना गवतातून वाट काढत, पिजी आणि रॅटाटा अंगावर घेत व्हिरिडियन सिटी गाठायची, आणि तिथे पोचलात की दुकानदार ओकसाठी पार्सल देतो, चला परत घरी. परत येताना टुण टुण उड्या मारत सरळ खाली, गवतात फारसं शिरावंच लागत नाही. बाहेर पडायला कष्ट आणि घरी यायला उतार. हे कुणी डायलॉगमध्ये सांगत नाही, नकाशाच तसा काढलाय. आणि शेवटाकडे बघा, सातवा बॅज सिनाबार बेटावर, आठवी जिम व्हिरिडियनमध्ये जी सुरुवातीला बंद असते, आणि सिनाबारहून तिकडे जायचा पाण्यावरचा सरळ रस्ता रूट २१, तो येतो थेट पॅलेट टाउनच्या दक्षिणेला. म्हणजे शेवटच्या जिमच्या आधी गेम तुम्हाला आईच्या दारात आणून सोडतो.

येलो. जपानमध्ये सप्टेंबर १९९८ मध्ये आला, पहिले रेड आणि ग्रीन २७ फेब्रुवारी १९९६ चे, त्यांच्यावरच बेतलेला, पण कार्टून सुरू झालं होतं १ एप्रिल १९९७ ला आणि ते एवढं चाललं की गेमलाच कार्टूनच्या जवळ आणलं. इथे तुम्हाला पहिला पोकेमॉन तीनातला एक असा निवडायला मिळत नाही. गावाबाहेर गवतात पाय टाकायला जाता, ओक मागून हाक मारतो, तेवढ्यात जंगली पिकाचू येतो, ओकच तो पकडतो, मग लॅबमध्ये टेबलावर जो ईव्ही ठेवलाय तो शेजारचं पोरगं हिसकावून घेतं आणि तुमच्या वाट्याला पिकाचू. तो बॉलमध्ये राहत नाही, मागेमागे चालतो, वळून ए बटण दाबलं की त्याचा चेहरा मोठा होऊन दिसतो, आधी नाराज, मग हळूहळू खुलत जातो. आवाजही खरा पिकाचूचा, कार्टूनमधल्या बाईंचाच. कार्टूनमधले खलनायक जेसी-जेम्सपण भेटतात. नाव निवडताना तयार नावांत ॲश आहे. कार्टूनच्या पॅलेट टाउनमधून निघाल्याचं समाधान जुन्या गेम्सपैकी इथेच मिळतं.

पण मी कुणाला हा पहिला घ्या म्हणत नाही. पहिली जिम ब्रॉकची, दगडाचे पोकेमॉन, पिकाचूची वीज तिथे कामाची नाही, नवीन माणूस तिथेच अडकतो (रूट २२ वर मँकी पकडा, सुटाल). बॅगेत जेमतेम वीस प्रकारच्या वस्तू, पकडलेले पोकेमॉन साठवायचा बॉक्स भरला की तो स्वतः बदलायचा, नाहीतर पुढचा पोकेमॉन पकडताच येत नाही, आणि हे कळतं कधी तर ऐन वेळी. पळता येत नाही, सायकल मिळेपर्यंत सगळं गोगलगायीच्या चालीने. वर मिळायचीही मारामार. निन्टेन्डोच्या ३डीएसवर डिजिटल घेता यायचा पण तिथलं ऑनलाइन दुकान, ईशॉप, २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी बंद झालं, आता जुनी कार्ट्रिज शोधायची, आणि तिच्यात सेव्ह टिकतं ते आतल्या चपट्या सेलवर, तो संपला की पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी पिकाचूसकट सगळं गेलं. ज्याला इतिहासाची ओढ आहे त्याने दुसरा किंवा तिसरा गेम म्हणून खेळावा, आणि मग मनापासून खेळावा.

फायररेड आणि त्याचा जोडीदार लीफग्रीन. गेमबॉय ॲडव्हान्सचे, जपानमध्ये जानेवारी २००४. माझं मत आधीच सांगून टाकतो, वाचता येणाऱ्या कुणालाही, दहा वर्षांच्या पोरापासून चाळिशीतल्या माणसापर्यंत, मी हाच हातात देतो.

कारण घर सोडणं इथे सगळ्यात नीट जमलंय. वरच्या खोलीत तुम्ही उभे, गेमचा डबा, कॉम्प्युटर, त्यात ठेवलेलं एक पोशन. खाली आई टेबलाशी बसलेली. टीव्हीवर चार पोरं रेल्वेच्या रुळांवरून चालत चाललीयत. आई म्हणते, पोरं एक दिवस घर सोडून जातातच, टीव्हीवर सांगितलं तसं. मुलगी म्हणून खेळलात तर आईचं वाक्य बदलतं, टीव्हीवरचा पिक्चरही बदलतो. एवढंच. रडारड नाही, मिठी नाही, बॅकग्राउंडला संगीतकार मासुदांची ती संथ धून, आणि तुम्ही दार उघडून बाहेर. माझी भाची पहिल्यांदा खेळली तेव्हा बाहेर आली, चार पावलं चालली, परत आत गेली, आईशी परत बोलली. असं तीनदा. मग मला विचारते, "मामा, आपण गेल्यावर ती एकटीच राहणार का?" मी म्हटलं, अगं आपण येऊ ना अधूनमधून. तिने ते एवढं मनावर घेतलं की पार्सल द्यायला गावात आली तेव्हा ओककडे जायच्या आधी घरी गेली. आणि आईशी बोललं की आई थोडं पड म्हणते, सगळी टीम बरी होते, पोकेमॉन सेंटर नसलेल्या गावात दवाखान्याचं काम आईच करते. भाचीला ते कळल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होता.

मग तीन बॉलमधला एक निवडायचा, बल्बासॉर, चारमँडर, स्क्विर्टल, आणि शेजारचा पोरगा मुद्दाम तुमच्यावर भारी पडेल असाच उचलतो. पहिल्या लढाईत ओक मध्येमध्ये समजावून सांगतो, नवीन माणसाला त्याची फार मदत होते. चारमँडर घेतला तर ब्रॉकशी जरा झगडावं लागतं पण इथे तो लेव्हल १३ ला मेटल क्लॉ शिकतो, जुन्या गेमसारखं डोकं आपटायची वेळ येत नाही. पळायचे बूट ब्रॉकला हरवल्यावरच मिळतात, म्हणजे पॅलेट आणि रूट १ च्या पहिल्या फेऱ्या चालतच होतात, हे मला बरोबर वाटतं, गावातून निघतानाच धावत सुटलं तर काय बघणार. आणखी एक बारीक गोष्ट, सेव्ह उघडलं की गेम आधी मागच्या वेळी काय काय केलं होतं ते छोट्या प्रसंगांत दाखवतो. फक्त शनिवार-रविवार खेळणाऱ्या मुलांना आणि ऑफिसवरून थकून येऊन अर्धा तास खेळणाऱ्यांना हे फारच उपयोगी आहे.

फायररेड की लीफग्रीन यात गोंधळू नका. गाव तेच, आई तीच. थोडे पोकेमॉन वेगळे, ग्राउलिथ फायररेडमध्ये, व्हल्पिक्स लीफग्रीनमध्ये, एकान्स इकडे तर सँडश्रू तिकडे. घरात दोघं असतील तर एक-एक घ्या, नाहीतर जो ओरिजिनल मिळेल तो.

ओरिजिनल हा शब्द मुद्दाम वापरला. मी स्वतः जी पहिली फायररेड सेकंडहँड घेतली ती बनावट निघाली. सगळं सुरळीत चालू होतं, महिना-दीड महिना खेळलो, एलिट फोर म्हणजे शेवटचे चार तगडे ट्रेनर हरवले, चॅम्पियनला हरवलं, हॉल ऑफ फेममध्ये टीमची नोंद झाली, क्रेडिट्स बघत बसलो, दुसऱ्या दिवशी चालू केलं तर सेव्ह नाही. नवीन गेम, एवढाच पर्याय स्क्रीनवर. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. त्या दिवशी खरंच जेवण गेलं नाही मला. म्हणून तपासून घ्या, खऱ्या कार्ट्रिजच्या लेबलवर दोन आकडे हलके दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरकं धरलं की दिसतात, आणि खालच्या सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डवर बारीक अक्षरात निन्टेन्डो लिहिलेलं दिसतं. खऱ्या फायररेडला सेव्हसाठी सेल लागत नाही, वीस वर्षांपूर्वीचं सेव्हही टिकतं. गेमबॉय ॲडव्हान्स नसेल तर जुना डीएस किंवा डीएस लाइट चालतो, दोन्हीत ही कार्ट्रिज बसते.

लेट्स गो पिकाचू आणि लेट्स गो ईव्ही, १६ नोव्हेंबर २०१८, स्विच. येलोच नव्याने बांधलाय, आणि दिसायला पॅलेट टाउन इतकं गोड दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाही. पिकाचू खांद्यावर बसतो, ईव्ही डोक्यावर, त्यांना कपडे घालता येतात, गोंजारता येतं. जंगली पोकेमॉन गवतात चालताना दिसतात, अचानक अंगावर येत नाहीत, आणि बहुतेकांशी लढायचं नसतं, हात हलवून बॉल फेकायचा. दुसऱ्याने दुसरा जॉयकॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) हलवला की तोही खेळात येतो, सात वर्षांच्या पोराबरोबर आई किंवा बाबा बसले तर याहून चांगला गेम मला माहीत नाही. एक लक्षात ठेवा, टीव्हीवर खेळताना बॉल खरंच हात हलवून फेकावा लागतो, हातात धरून खेळताना बटणाने फेकता येतो, तेव्हा मनगट दुखणाऱ्यांनी तसंच खेळावं.

मग तक्रार काय? तक्रार घर सोडण्याबद्दलच आहे. शेजारचा पोरगा इथे खडूस नाही, चांगला मित्र आहे, भेटला की मदत करतो, वस्तू देतो. लहान मुलांना ते बरं वाटतं, पण पॅलेट टाउनमधून निघताना मागे एक चिडका स्पर्धक आहे आणि तो आपल्या आधी सगळीकडे पोचतोय, ही जी टोचणी होती ती गेली. अनुभव सगळ्या टीमला आपोआप वाटला जातो, हरायची वेळ क्वचितच येते, आणि हरलंच नाही तर घराची आठवण यायचं कारणच उरत नाही. माझा पहिला खेळ झाला तेव्हा लक्षात आलं की सुरुवातीनंतर मी आईला भेटायला एकदाही गेलो नव्हतो. फायररेडमध्ये मी डझनभर वेळा गेलो होतो.

तरी पोरगं सहा-सात वर्षांचं असेल आणि घरात स्विच असेल तर लेट्स गोच, दुसरा विचार करू नका. घरात स्विच नसेल तर फक्त यासाठी एवढा खर्च करून घेऊ नका, आपल्याकडे बहुतेक इम्पोर्टचाच माल मिळतो आणि वॉरंटीचं आधी विचारून घ्यावं लागतं. पिकाचू की ईव्ही, हे पोराला विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

वाचण्याचा मुद्दा राहिला. या चारांतला एकही गेम हिंदीत नाही, मराठीत तर नाहीच. पोकेमॉन गो या मोबाइल गेमला २०२३ मध्ये हिंदी मिळाली, या जुन्यांना नाही. मराठी माध्यमातल्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला फायररेडची इंग्रजी वाक्यं जड जातात, शेजारी बसून वाचून दाखवावी लागतात. मी भाचीला वाचून दाखवायचो, मराठीत सांगायचो, ओकचा आवाज जाड काढायचा, आईचा नेहमीसारखा. महिन्याभरात तिला फाइट, बॅग, रन वाचता यायला लागलं, सहा महिन्यांत ती अख्खी वाक्यं लावून लावून वाचायला लागली. शेजारी बसायला वेळ असेल तर सातव्या वर्षीही फायररेड चालेल. नसेल तर लेट्स गो, तिथे बऱ्याच गोष्टी बघून कळतात.

हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर शेवटी ठेवले कारण त्यांचं वेगळं आहे. डीएसचे, जपानमध्ये सप्टेंबर २००९, मूळ गोल्ड-सिल्व्हर १९९९ चे. लोक सांगतात हा सगळ्यात चांगला पोकेमॉन गेम आहे, यातच कँटो, म्हणजे पॅलेट टाउनचा प्रदेश, पण आहे, मग हाच घ्यावा ना. गेम म्हणून मी भांडणार नाही, बॉलबाहेर तुमचा कुठलाही पोकेमॉन मागे चालतो, दोन प्रदेश, सोळा बॅज. पण तुम्ही निघता ते जोहतोमधल्या न्यू बार्क टाउनमधून. पॅलेटला पोचता कधी, तर आठ बॅज, एलिट फोर, मग जहाजाने व्हर्मिलियन, मग डिग्लेटच्या गुहेसमोर झोपलेल्या स्नॉर्लॅक्सला रेडिओवरच्या बासरीने उठवायचं, गुहेतून रूट २, व्हिरिडियन, आणि मग तो रूट १ चा उतार. इथे तुम्ही पाहुणे म्हणून येता. घर दुसऱ्याचं. आत त्या मुलाची आई, मुलगा कधीचा गेलाय आणि त्याची काही खबर नाही म्हणून काळजीत. शेजारी त्या खडूस पोराची बहीण डेझी, दुपारी तीन ते चारच्या मध्ये गेलात तर तुमच्या पोकेमॉनला विंचरून देते. तो खडूस पोरगा आता व्हिरिडियनचा जिम लीडर झालाय. सिनाबार ज्वालामुखीने गेलं, उरलं ते एक पोकेमॉन सेंटर. आणि ज्याची आई वाट बघतेय तो रेड माउंट सिल्व्हरच्या टोकावर एकटा उभा, एक शब्द बोलत नाही, त्याचा पिकाचू लेव्हल ८८ चा.

हे सगळं मी फायररेड तीनदा खेळून मग बघितलं, आणि त्या घरात गेल्यावर मला बटण दाबवेना. ती माझी आई होती. मीच तो मुलगा होतो जो परत आला नाही. ज्याने आधी त्या गावातून निघून बघितलं नाही त्याला ती फक्त एका घरातली एक बाई वाटेल, तो बोलेल आणि पुढे जाईल. म्हणून हार्टगोल्ड घ्याच, पण कँटोचा एक गेम पूर्ण झाल्यावर. कार्ट्रिज घेताना उजेडासमोर धरा, खरी गडद रंगाची असते आणि थोडी आरपार दिसते, पूर्ण काळी ठोकळ असेल तर परत द्या.

थोडक्यात मी कुणाला काय देतो: मोठ्या माणसाला, ज्याने फक्त कार्टून बघितलंय, फायररेड. लहान पोराला स्विच असेल तर लेट्स गो, बरोबर बसणारं कुणी असेल तर फायररेडच. येलो हौशी माणसाला. हार्टगोल्ड या सगळ्यांना, पण नंतर.

भाचीचा सातवा बॅज गेल्या रविवारी झाला. फ्लाय, म्हणजे उडत थेट दुसऱ्या गावी नेणारी चाल, होती तिच्याकडे, एका मिनिटात व्हिरिडियनला गेली असती. तिने नकाशा उघडला, सिनाबारच्या वर बोट ठेवलं आणि विचारलं हे पाणी आपल्याच घराशी जातं का. हो म्हटलं. मग सर्फ लावून वर वर येत राहिली, मधल्या सगळ्यांशी लढली, टीम अर्धमेली झाली, किनारा लागला, ओकची लॅब उजवीकडे ठेवून सरळ घरात शिरली.

"आले गं," म्हणाली स्क्रीनला, आणि ए दाबलं.